परदेशात घेतलेली गिटार आणि दादाचा अंगठा

मुलांकडे परदेशी राहून परतलेले अनेक ज्येष्ठ माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब, साखर, गुडघे यांची विचारपूस झाली की खुर्चीवरून उठता उठता ते एक वाक्य हमखास उच्चारतात, "डॉक्टर, सुखाला कमी नव्हती, पण दिवस सरत नसे." या तक्रारीवर चिठ्ठीत लिहून देण्याजोगे औषध माझ्यापाशी नाही. ती माझ्या स्वतःच्या घरातून आली, तेव्हा तर मी चुकीचा सल्ला दिला. त्या चुकीपासूनच आजच्या लेखाचा आरंभ करतो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आज एकोणसत्तर वर्षांचे आहेत. वहिनी गेल्यानंतर ते स्पेनमधील ग्रानादा या गावी, नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मुलीकडे राहावयास गेले. तारुण्यात दादा तबला शिकत असत. नोकरी लागली आणि तबला माळ्यावर गेला. ग्रानादाच्या एका गल्लीत एके संध्याकाळी त्यांच्या कानी फ्लामेंको गिटार पडली. वादकाभोवतीचे दोघेतिघे टाळ्यांनी ताल धरीत होते. दादांनी सवयीने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजल्या, त्या बारा भरल्या. आपल्या एकतालातही बाराच मात्रा असतात. परंतु 'सोलेआ' या फ्लामेंको प्रकारात आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर येतात. ते गणित उलगडण्याच्या नादात त्यांनी कित्येक महिन्यांनी मला आपण होऊन फोन केला.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पर्यटकांसाठीच्या एका दुकानातून एक गिटार विकत घेतली. महिनाभरात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी वेदना सुरू झाली. मी फोनवरच निदान केले : वयोमानानुसार झालेली सांध्याची झीज. वादन बंद करा, मलम लावा. दादांनी निमूटपणे ऐकले. तीन आठवड्यांनी पुतणीचा फोन आला, "काका, बाबांचा अंगठा बरा आहे, पण ते पुन्हा दिवसभर खिडकीपाशी बसून असतात."

त्या शरद ऋतूत मी ग्रानादाला गेलो. दादांचा हात तपासला आणि त्यानंतर, जे आधीच विचारावयास हवे होते ते, त्यांची गिटारही तपासली. तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की त्या दाबताना धडधाकट तरुणाचाही अंगठा दुखावा. झीज होती हे खरे. परंतु वेदनेचे मोठे कारण ते वाद्य होते.

फ्लामेंको गिटार वेगळी कशी?

आज आपण ओळखतो तो स्पॅनिश गिटारचा आकार एकोणिसाव्या शतकात आल्मेरियाच्या आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी रूढ केला. फ्लामेंको गिटार ही त्याच घराण्यातील, परंतु वजनाने हलकी आणि आवाजाने कोरडी, ठसठशीत. तिचा दर्शनी भाग बहुधा स्प्रूसच्या लाकडाचा असतो. पाठ व बाजू सरूच्या, म्हणजे सायप्रसच्या फिकट लाकडाच्या असल्या तर तिला 'ब्लांका', म्हणजे गोरी म्हणतात. रोझवूडसारख्या काळपट लाकडाच्या असल्या तर 'नेग्रा', म्हणजे काळी. या काळ्या गिटारींत पुष्कळदा भारतीय रोझवूड वापरतात. ते म्हणजे आपल्या आजोबांच्या कपाटाचे शिसव होय. वादक बोटांनी लाकडावर ठेकाही देतो. त्यासाठी दर्शनी भागावर 'गोल्पेआदोर' नावाचा पातळ संरक्षक पत्रा चिकटवलेला असतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारांची उंची. बाराव्या पडद्यापाशी जाड तार शास्त्रीय गिटारवर सुमारे ४ मिलिमीटर उंच असते, तर चांगल्या फ्लामेंको गिटारवर ३ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तार जितकी खाली, तितका दाब कमी. शिवाय तारा नायलॉनच्या असल्याने पोलादी तारांप्रमाणे बोटांत रुतत नाहीत. दादांच्या त्या पहिल्या गिटारवर ही उंची ५ मिलिमीटर भरली!

खरेदी करताना

ग्रानादात प्लासा नुएवापासून आल्हाम्ब्राकडे चढणारी 'कुएस्ता दे गोमेरेस' ही गल्ली गिटार कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही दोघे थांबत थांबत तो चढ चढलो. तेथे आणि अन्यत्र जे पाहिले, त्यावरून काही सूचना :

१. पहिल्याच दिवशी खरेदी करू नये. दोन-तीन ठिकाणी जावे, बसून वाजवून पाहावे. स्वतःला वाजवता येत नसेल तर शिक्षकाला सोबत न्यावे.

२. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी. फ्लामेंको गिटारमध्ये जोरात छेडल्यावर किंचित खरखर स्वाभाविक असते. हळू छेडूनही तार झणझणत असेल तर ती गिटार घेऊ नये.

३. दर्शनी भाग अखंड लाकडाचा आहे की प्लायचा, हे मधल्या गोल छिद्राच्या कडेवरून कळते. लाकडाच्या रेषा कडेतून सलग आत उतरलेल्या दिसल्या तर ते अखंड. थरांवर थर दिसले तर प्लाय.

४. तारेची प्रचलित लांबी ६५० मिलिमीटर असते. हात लहान असेल, बोटे आखडली असतील, तर ६४० किंवा ६३० मिलिमीटरची मागावी.

५. शिकाऊ वादकाची चांगली गिटार काहीशे युरोंत मिळते. नामवंत कारागिराने हाताने घडवलेली काही हजारांत जाते आणि तिच्यासाठी थांबावेही लागते. आरंभ पहिलीपासून करावा.

दादांनी सरूची, ६४० मिलिमीटरची एक साधी ब्लांका निवडली. कारागिराने आमच्यासमोरच हाडाची पट्टी घासून तारा आणखी थोड्या खाली आणून दिल्या.

शरीराची तयारी

फ्लामेंको वादक 'सेहिया' नावाची चाप मानेवर सर्रास लावतात. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या पडद्यावर लावली की पडद्यांमधील अंतर कमी होते आणि बोटे कमी ताणावी लागतात. ज्येष्ठांनी तिचा संकोच बाळगू नये. थोर वादकही ती लावतात.

पायावर पाय टाकून गिटार धरण्याची पद्धत फ्लामेंकोत रूढ आहे. परंतु खुब्याचा सांधा बदललेला असेल तर ती पूर्णपणे टाळावी. हात नसलेल्या, स्थिर खुर्चीवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसावे व मांडीवर ठेवण्याचा आधार वापरावा.

वादनापूर्वी पाच मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवावेत. एका बैठकीला दहा ते पंधरा मिनिटे पुरेत. दिवसातून दोन बैठका कराव्यात. अंगठ्याने मान आवळू नये, त्याचा केवळ आधार द्यावा. वेदना दुसऱ्या दिवशीही राहिली, बोटांना मुंग्या आल्या, किंवा एखादे बोट वाकल्यावर अडकू लागले, तर वादन थांबवून डॉक्टरांना हात दाखवावा. मधुमेहींमध्ये बोट अडकणे व खांदा आखडणे अधिक आढळते. साखर तपासण्यासाठी डाव्या हाताच्या बोटांची टोके टोचू नयेत. तेथे घट्टे पडू लागतात आणि टोचलेल्या जागी तार दुखते. उजव्या हाताच्या बोटाची बाजू वापरावी. श्रवणयंत्र असल्यास संगीतासाठीची वेगळी योजना करून घ्यावी, कारण बोलणे स्पष्ट करणारे यंत्र सुरांचा विपर्यास करू शकते.

मायदेशी आणताना

स्पेनमध्ये किमतीत २१ टक्के कर समाविष्ट असतो. युरोपीय संघाबाहेर कायमचे वास्तव्य असलेल्या प्रवाशाला तो बऱ्याच अंशी परत मिळू शकतो; मात्र त्यासाठीचा अर्ज खरेदीच्या वेळीच दुकानातून घ्यावा लागतो व देश सोडण्यापूर्वी विमानतळावर प्रमाणित करावा लागतो. दादांप्रमाणे तेथेच राहणाऱ्यांना ही सवलत नाही. जुनी गिटार घेत असाल तर लाकूड ब्राझीलचे रोझवूड नाही ना, हे लेखी विचारावे. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत. विमानात गिटार जवळ ठेवता येईल का आणि भारतात सीमाशुल्क किती, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. प्रवासात तारा थोड्या सैल कराव्यात. कोरड्या हवेत घडलेले लाकूड आपल्या पावसाळ्यात फुगते. म्हणून गिटार पेटीत बंद ठेवावी व पेटीतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांदरम्यान राखावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

मुलामुलींनो, "या वयात कशाला?" हा प्रश्न तुम्ही काळजीपोटीच विचारता, हे मी जाणतो. माझ्या पुतणीनेही तो विचारला होता आणि डॉक्टर असून मी तिचीच री ओढली. आईवडिलांनी एखादा छंद वेदनेमुळे सोडला असेल, तर तो छंद बंद करण्यापूर्वी साधन, आसन आणि वेळ या तीन गोष्टी तपासा. चष्मा टोचतो म्हणून आपण वाचन सोडावयास सांगत नाही, चष्मा बदलतो. आणि शक्य असेल तर गिटारसोबत शिक्षकही शोधा. एकट्याने खोलीत वाजवलेल्या वाद्याने करमणूक होते. परंतु आठवड्यातून एकदा कोणी आपली वाट पाहते, ही भावना शिकवणीतूनच मिळते.

दादांचा अंगठा पूर्ण बरा झालेला नाही. थंडीत तो अजूनही दुखतो, आणि त्या दिवशी ते वादन न करता केवळ टाळ्यांचा सराव करतात. दर मंगळवारी ते शिकवणीस जातात. शिक्षक त्यांच्या निम्म्या वयाचा आहे आणि एकतालाचा ठेका दादांकडून शिकतो आहे. परवा फोनवर मी नेहमीप्रमाणे विचारले, "अंगठा कसा आहे?" ते म्हणाले, "ते नंतर सांगतो. आधी हे ऐक." पलीकडे पुतणीने टाळ्या धरल्या होत्या. आठव्या मात्रेवर ती चुकली आणि दादांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयास लावले.