आल्फ्रेडची गोष्ट कोणाला हवी होती?

मंडळाच्या दिवाळी फराळाला कॉलेजातली चार-पाच मुलं एका कोपऱ्यात हिरिरीने वाद घालत होती. विषय होता बॅटमॅनच्या घरच्या आल्फ्रेडवर निघालेली मालिका. एकाचं म्हणणं, ‘बॅटमॅनच नाही, तर बघायचं काय?’ दुसरी म्हणत होती, ‘तो नाही म्हणूनच तर बघायची!’ शेजारी चकली खात बसलेल्या काकांनी मला हळूच विचारलं, ‘हा आल्फ्रेड कोण रे?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला बसलो आणि हा लेख झाला.

आधी ओळख

ब्रूस वेन हा श्रीमंत घरचा मुलगा. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून होतो आणि मोठेपणी तो बॅटमॅन बनून गुन्हेगारांच्या मागे लागतो. त्याच्या घरचा बटलर, म्हणजे आपल्या भाषेत घरचा जुना कारभारी, तो आल्फ्रेड पेनीवर्थ. चहा आणणारा, जखमा शिवणारा, रात्रभर जागणारा आणि वेळ आली की धन्यालाही चार शब्द सुनावणारा.

हा आल्फ्रेड १९४३ साली बॅटमॅनच्या १६व्या अंकात पहिल्यांदा आला, तेव्हा तो गुबगुबीत आणि विनोदी होता. त्याच वर्षी निघालेल्या चित्रपट-मालिकेत त्याची भूमिका एका सडपातळ, मिशीवाल्या नटाने केली आणि कॉमिकमधला आल्फ्रेडही बारीक झाला! १९६४मध्ये लेखकांनी त्याला मारून टाकलं. पण १९६६ची दूरचित्रवाणी मालिका आली, तिला आल्फ्रेड हवा होता, म्हणून तो कॉमिकमध्येही पुन्हा जिवंत झाला. दुय्यम पात्राचं नशीब असं दुसऱ्यांच्या सोयीने फिरतं. पुढे मायकेल केनसारख्या नटांनी त्याला मायेचा, वडिलकीचा चेहरा दिला आणि लोकांना तो आपला वाटू लागला.

मालिका काय दाखवते?

‘पेनीवर्थ’ २८ जुलै २०१९ रोजी अमेरिकेत एपिक्स वाहिनीवर सुरू झाली. तिचे निर्माते ब्रूनो हेलर आणि डॅनी कॅनन, म्हणजे तरुण पोलीस अधिकारी गॉर्डनवरची ‘गॉथम’ करणारीच मंडळी. जॅक बॅनन या नटाने तरुण आल्फ्रेड साकारला. काळ १९६०च्या दशकासारखा, शहर लंडन, पण इतिहासातलं नव्हे. इथे आकाशात प्रचंड हवाई जहाजं तरंगतात, भर चौकात फाशी दिली जाते आणि दोन गुप्त संघटना देशाच्या गळ्यावर सुरी ठेवून बसल्या आहेत. आल्फ्रेड सैन्यातून परतलेला आहे. वडील बटलर आहेत, पण मुलाला ती चाकरी नको आहे. त्याला स्वतःचा सुरक्षेचा धंदा काढायचा आहे.

योगायोग असा की मालिका सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच ऑगस्ट २०१९च्या कॉमिक अंकात बेन नावाच्या खलनायकाने म्हाताऱ्या आल्फ्रेडला ठार मारलं. वाचक हळहळत होते आणि पडद्यावर त्याच माणसाची जवानी सुरू झाली होती.

प्रेक्षक काय म्हणाले?

पहिली प्रतिक्रिया फराळाच्या कोपऱ्यातलीच: ‘ही गोष्ट मागितली कोणी?’ तिसऱ्या सीझनच्या वेळी, २०२२मध्ये, मालिका एचबीओ मॅक्सवर गेली आणि नावाला शेपूट जोडलं गेलं, ‘बॅटमॅनच्या बटलरची जन्मकथा’ अशा अर्थाचं. त्यावर समाजमाध्यमांवर खूप थट्टा झाली. ‘आता बॅटमॅनच्या गाडीच्या मेकॅनिकवरही काढा’ अशा धर्तीची. थट्टेत तथ्य होतं. ज्याला स्वतःच्या पायावर उभं करायचं, त्याची ओळख पुन्हा धन्याच्या नावाने करून दिली गेली.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. आल्फ्रेड म्हातारा होईपर्यंत जगणार हे सगळ्यांना माहीत. मग त्याच्यावर बंदूक रोखली, तरी छाती धडधडणार कशी? अशा वेळी लेखक घाव आजूबाजूच्या माणसांवर घालतात. पहिल्याच सीझनमध्ये आल्फ्रेडची वाग्दत्त वधू एस्मे मारली जाते. ही भूमिका एमा कॉरिन यांची, पुढे ‘द क्राउन’मध्ये तरुण डायना म्हणून त्या घरोघरी पोहोचल्या. नायकाला दुःख मिळावं एवढ्यासाठीच एका बाईचा जीव घ्यायचा, या जुन्या सवयीला आजचा प्रेक्षक कंटाळला आहे, आणि ते तो बोलून दाखवतो.

तरीही मालिकेचे चाहते होते. त्यांना आवडलं ते नेमकं ठरावीक नसलेलं. पलोमा फेथ या गायिकेने रंगवलेली बेट साइक्स ही खुनशी, पण एकटी बाई कुठल्याही कॉमिकमधून आलेली नव्हती. म्हणून पुढच्या क्षणी ती काय करेल याचा नेम नव्हता. थॉमस आणि मार्था वेन यांना मूल होतं, तेव्हा ब्रूसची वाट पाहणाऱ्यांच्या समोर आली मुलगी! काही चिडले, काही खूश झाले. माहीत असलेल्या गोष्टीत पहिल्यांदाच काहीतरी माहीत नसलेलं घडलं होतं.

तीन सीझन, तीस भाग झाले आणि २०२३च्या सुरुवातीला मालिका बंद झाली. आल्फ्रेड ब्रूसचा सांभाळ करू लागतो, तो क्षण आलाच नाही.

आपल्याला हे नवं आहे का?

मला वाटतं, आपल्याला तर हे मुळीच नवं नाही. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं, तेव्हा कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हे कोणाला ठाऊक नव्हतं? तरी घरोघरी लोकांनी ते रात्री जागून वाचलं. त्यात कर्णाबरोबर त्याची बायको वृषाली बोलते, धाकटा भाऊ शोण बोलतो. महाभारतात ज्यांच्याकडे आपलं लक्षही जात नाही, त्यांना सावंतांनी मन दिलं. शेवट बदलला नाही. तो शेवट सोसणारी माणसं दिसली.

दुय्यम पात्राच्या पूर्वकथेची कसोटी इथेच लागते. ‘हा पुढे अमक्याचा तमका होतो’ एवढंच ती सांगणार असेल, तर प्रेक्षक शेवटाकडे बघत बसतो आणि कंटाळतो. त्या माणसाला स्वतःचं काय हवं होतं आणि ते का मिळालं नाही, हे ती सांगू लागली की शेवट माहीत असण्याची अडचण उरत नाही. ‘पेनीवर्थ’ चाकरी नाकारणाऱ्या मुलाची गोष्ट सांगते तेव्हा पकड घेते आणि बॅटमॅनच्या खाणाखुणा पेरत बसते तेव्हा सैल पडते.

म्हणून मुलांना माझं सांगणं एवढंच: आल्फ्रेडवर भांडून झालं की एकदा ‘मृत्युंजय’ उघडा. आणि काकांनो, तुम्ही मुलांबरोबर या मालिकेचे दोन भाग बघा. पुढच्या फराळाला वाद सगळे मिळून घालू.