साथीची देवी, शिवेवरची देवी

ताथवड्यातून पुनावळ्याकडे जाताना गावाची शीव कुठे संपली, हे आता कळत नाही. 2009 मध्ये ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेतांच्या जागी सोसायट्यांचे टॉवर उभे राहिले. मरीआईचा कारभार मात्र पूर्वी या शिवेवरच चालायचा.

देशावरच्या गावांत पटकी किंवा प्लेग शिरला की मरीआई कोपली, असे मानत. मग लाकडी गाडा तयार करायचा, त्यात देवी बसवायची, पुढे दहीभात, लिंबू, कडुलिंबाचा पाला ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. पुढच्या गावालाही तो नकोच असे. तिथले लोक तो आणखी पुढे ढकलत. ज्या देवीने रोग धाडला, तिलाच ‘आई, आता जा’ म्हणून विनवायचे, ही या पूजेमागची श्रद्धा.

प्राचीन इजिप्तमध्ये हेच गाऱ्हाणे सेखमेतपुढे घालत. सिंहिणीच्या तोंडाची ही देवी साथीचे बाण सोडते, असा समज होता. वर्षअखेरचे पाच जादा दिवस तिच्या कोपाचे. तेव्हा लोक गळ्यात मंत्रवलेले ताईत बांधत. कथा अशी, की सूर्यदेव रा याने माणसांना शासन करायला पाठवलेली देवी रक्ताला इतकी चटावली, की आवरेना. शेवटी गेरूने लाल केलेली बिअर शेतांत ओतली. रक्त समजून ती प्याली आणि निवली. इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तिचे शेकडो काळे पाषाणपुतळे घडवून घेतले.

सेखमेतचे पुजारी वैद्यकीही करत. इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये रोग्याच्या अंगावर हात ठेवून हृदयाचे ठोके ओळखणाऱ्यांत वैद्याच्या जोडीने या पुजाऱ्याचेही नाव येते. देवीची भीती आणि रोगाची तपासणी एकाच माणसाच्या हाती होती, आणि त्याला मान होता.

आपल्याकडे मरीआईची सेवा पोतराजाच्या वाट्याला आली. कमरेला रंगीत खणांचे आभरान, मोकळी वाढलेली जट, पायात चाळ. बायको डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन उभी, आणि पोतराज कोरडा म्हणजे चाबूक गरगर फिरवून स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढणार. हवेत कोरड्याचा कडाका आधी ऐकू येतो, मग दंडावरचे जुने वळ दिसतात. सुपातून पसाभर धान्य मिळे. गावावरचे अरिष्ट ज्याने अंगावर घ्यायचे, तो बहुधा मातंग समाजातला, आणि त्याचे घर गावकुसाबाहेर. देवी सर्वांची, मार मात्र एकाच्याच पाठीवर. मला हे फार जाचते.

1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. त्या साथीत सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले. रोगाला शिवेबाहेर लोटण्याच्या त्या काळात त्यांनी रोग्याला जवळ केले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस तयार केली.

कोरड्याचा आवाज पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर अजून अधूनमधून येतो. पण मातंग समाजातल्या अनेक घरांनी जट कापली, आभरान उतरवले, पोरे शाळेत घातली. त्यातल्या कित्येकांच्या देव्हाऱ्यात मरीआई आहे, आषाढात तिला नैवेद्यही दाखवतात. कोरडा मात्र पुन्हा हाती धरलेला नाही.