यंत्राचे व्याकरण

व्याकरण ही कला शाखेची मिरास, असे आपण धरून चालतो. परंतु व्याकरणाचा सर्वांत कडक अंमल पाहायचा असेल, तर संगणकाच्या असेंब्ली भाषेकडे वळावे. तेथे शब्द मोजके असतात, वाक्याची घडण ठरलेली असते आणि स्वल्पविराम चुकला तरी वाक्य फेटाळले जाते.

प्रोसेसरला केवळ आकडे कळतात. इंटेलच्या १९७६ सालच्या ८०८५ या प्रोसेसरला ‘थांब’ म्हणायचे, तर सोळाच्या अंकपद्धतीतला ७६ हा आकडा द्यावा लागतो. असे आकडे माणसाच्या ध्यानात कसे राहावेत? म्हणून प्रत्येक आज्ञेला आखूड नाव मिळाले. थांबण्यासाठी ‘एचएलटी’, बेरजेसाठी ‘एडीडी’. या नावांचे पुन्हा आकडे करून देणारा दुभाषी म्हणजे असेंब्लर.

आता ५ आणि ३ यांची बेरीज करणारी ही छोटी आज्ञावली पाहा :

ओआरजी २०००एच
स्टार्ट: एमव्हीआय ए, ०५एच ; पहिली संख्या
एमव्हीआय बी, ०३एच ; दुसरी संख्या
एडीडी बी
एसटीए सम ; उत्तर जपून ठेव
एचएलटी
सम: डीबी ०
एंड

वाक्याचे भाग चार. विसर्गासारख्या चिन्हाआधीचे ते खूणनाव; मग आज्ञा, म्हणजे क्रियापद; नंतर ज्यावर क्रिया घडते ते; आणि अर्धविरामापुढे टीप. मराठीत क्रियापद शेवटी येते, येथे ते आधी येते. ‘एडीडी बी’ मध्ये ‘बी’ कशात मिळवायचा हे लिहिलेलेच नाही. तेथे ‘ए’ अध्याहृत आहे. आकड्यामागचा ‘एच’ सोळाची पद्धत दाखवतो.

‘ओआरजी’, ‘डीबी’ आणि ‘एंड’ या सूचना असेंब्लरसाठी आहेत. आज्ञावली कोठून मांडायची, एका बाइटची जागा कोठे राखायची आणि मजकूर कोठे संपला, हे त्या सांगतात. वरच्या पाच आज्ञा मिळून ९ बाइट होतात, म्हणून ‘सम’ला २००९ ही जागा मिळते. मध्ये एखादी आज्ञा वाढवली तर असेंब्लर हा हिशेब स्वतःच नव्याने करतो.

या मांडणीत ‘एचएलटी’ गाळले तर? प्रोसेसर थांबत नाही. पुढे ठेवलेले उत्तरही तो आज्ञा समजून वाचू लागतो. कारण स्मृतीत आज्ञा आणि माहिती दिसायला सारखीच असते. ७६ म्हणजे ‘थांब’, किंवा ११८ ही साधी संख्या. अर्थ ठरतो तो जागेवरून.

राहता राहिली टीप. असेंब्लर ती वाचतच नाही. स्मृतीत तिला एक बाइटही जागा लागत नाही. पण उद्या हीच आज्ञावली दुसऱ्या कोणी हाती घेतली, तर लिहिणाऱ्याचा हेतू त्याला कळेल तो तेवढ्या ओळीतूनच. आणि ती ओळ नेटकी लिहायला भाषेचाच अभ्यास हवा.