वळवाच्या विजा आणि मुदखेडचे आकाश

मार्च ते जूनच्या आरंभापर्यंत मराठवाड्याचे आकाश एकाच दिवसात दोन रूपे दाखविते. दुपारी ते भाजून काढते आणि तिन्हीसांजेला विजांनी उजळून निघते. वळवाच्या या पावसाशी शेतकऱ्याचे नाते दुहेरी आहे. तो तापलेल्या रानाला ओल देतो, पण वाळत घातलेली हळद भिजवितो आणि केळीच्या बागाही आडव्या करतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने रब्बीची उभी पिके कशी झोपविली, हे मराठवाडा विसरलेला नाही. मात्र हेच वादळ दुरून पाहणाऱ्याला विलक्षण देखणे दिसते, आणि कॅमेरा घेऊन त्याच्या मागावर जाण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजू लागला आहे.

हा छंद मूळचा अमेरिकेतला. डेव्हिड होडली यांनी १९५६ साली नॉर्थ डकोटा राज्यात वादळांचा माग काढण्यास सुरुवात केली. या क्षेत्रातील आद्य मंडळींत त्यांचे नाव घेतले जाते. तेथील सपाट प्रदेशात एकेक महावादळ काही तास टिकते, त्यामुळे मोटारीने त्याच्या मागे जाता येते. आपल्याकडील वळवाचा ढग बहुधा अर्ध्या-पाऊण तासात जन्मतो, बरसतो आणि विरतो. तो दिसल्यावर गाडी काढली, तर पोहोचेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. म्हणूनच येथे वादळाचा पाठलाग म्हणजे बव्हंशी योग्य जागी बसून केलेली प्रतीक्षा होय.

अशी जागा शोधणाऱ्या नांदेडकराला मुदखेडचा परिसर सोयीचा आहे. शहरापासून पूर्वेला वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या या रेल्वे जंक्शनवरून एक मार्ग उमरी-धर्माबादकडे, तर दुसरा भोकर-किनवटमार्गे आदिलाबादकडे जातो. हा भाग फुलशेतीसाठी ओळखला जातो. उघड्या रानांमुळे येथे क्षितिज मोकळे दिसते आणि शहरातील दिव्यांचा उजेडही मागे राहतो. सायंकाळी ढग पूर्वेला भोकरच्या बाजूस असेल आणि पाहणारा त्याच्या पश्चिमेस उभा असेल, तर मावळतीचा प्रकाश थेट ढगाच्या अंगावर पडतो. काळ्याभोर तळावर केशरी माथा, असे दृश्य त्या वेळी दिसते.

दिवसाची सुरुवात सकाळी हवामान खात्याच्या अंदाजाने करावी. विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या अंतर्भागातून गेलेला कमी दाबाचा पट्टा अंदाजात नमूद असेल, तर तो दिवस आशेचा समजावा. या पट्ट्याकडे समुद्रावरील दमट वारे ओढले जातात. सकाळपासूनच अंग चिकचिकत असेल आणि पारा चाळिशी ओलांडत असेल, तर दुपारच्या आतषबाजीची सामग्री जमली म्हणायची. जमिनीलगतची उष्ण, दमट हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू बनतात. या क्रियेत बाहेर पडणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास फुलकोबीसारखे शुभ्र ढग उंच वाढू लागतात. त्यांतील एखादा बारा-पंधरा किलोमीटरची उंची गाठतो आणि वर वाट खुंटल्याने त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो.

वीज याच ढगाच्या पोटात तयार होते. तेथे मऊ, लहान गारा आणि हिमकण एकमेकांवर आदळत असतात. या घर्षणात जड गारांना बहुधा ऋण, तर हलक्या हिमकणांना धन भार मिळतो. गारा खाली राहतात, हिमकण माथ्याकडे जातात आणि भारांची फारकत होते. हवेचा रोध मोडून हे भार एकमेकांकडे वा जमिनीकडे झेपावतात, तेव्हा त्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ती स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तोच आवाज आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येतो.

ढग कोठे वाढतो आहे, हे रडारवरून कळते. हैदराबादचे डॉप्लर रडार नांदेडपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतक्या अंतरावर त्याचा झोत जमिनीपासून चार-पाच किलोमीटर उंचावरून जातो. ढगाचा माथा त्यात दिसतो, पण तळाशी काय चालले आहे हे कळत नाही. ती उणीव पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप काही अंशी भरून काढते. विजा टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर आधारलेले हे अॅप आपल्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते.

आता छायाचित्राविषयी. वीज दिसल्यावर कळ दाबणे व्यर्थ, कारण बोट हलेपर्यंत ती विझलेली असते. १८८२ साली फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेची छायाचित्रे टिपली, त्या काळापासून उपाय एकच राहिला आहे. कॅमेऱ्याचा डोळा आधीच उघडा ठेवायचा आणि विजेला स्वतःची रेघ ओढू द्यायची. रात्री कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. नाभी हाताने दूरवर स्थिर करावी, आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि शटर पंधरा ते तीस सेकंद उघडे ठेवावे. एकामागून एक चित्रे घेत राहिल्यास त्यांतील दोन-चार साधतात. दिवसाउजेडी मात्र प्रकाश कमी करणारे फिल्टर किंवा विजेच्या पहिल्या चमकेसरशी शटर उघडणारे उपकरण लागते.

उत्तम छायाचित्र दुरूनच मिळते. दहा किलोमीटरच्या आत आलेल्या ढगाचा आकार चौकटीत मावत नाही आणि जिवालाही धोका उत्पन्न होतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा आकडा तीस सेकंदांच्या आत आला, तर कॅमेरा गुंडाळून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत बसावे; शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ऐरणीच्या माथ्यातून सुटणारी वीज कधी कधी पावसापासून कित्येक किलोमीटर दूर, कोरड्या जागीही पडते. म्हणून गडगडाट कानी येतो आहे, तोवर आपण टप्प्यात आहोत असेच समजावे.

छायाचित्रकार आपल्या इच्छेने रानात जातो आणि गाडीत बसून परतू शकतो. फुले तोडणाऱ्या मजूर स्त्रीला, गुरे वळणाऱ्या पोराला ती सोय नसते. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांत शेतात काम करणारे मोठ्या संख्येने असतात. पाऊस आला की माणूस झाडाचा आसरा घेतो, आणि तोच घात करतो. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या देहात उडी घेते किंवा जमिनीतून पसरत पायांत शिरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून ती चटकन दगावतात. पायाळू माणसावर वीज पडते, हा समज अजूनही ऐकू येतो; त्याला कसलाही आधार नाही. विजेने कोसळलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावण्यास न घाबरता छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न तत्काळ केल्यास प्राण वाचू शकतात.

अनुभवी माणसालाही वादळ सूट देत नाही. विजेच्या जन्माचा क्षण टिपण्यासाठी झटणारे अमेरिकी संशोधक टिम समारास ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात चक्रीवादळात सापडले. त्यांच्यासह त्यांचा मुलगा आणि एक सहकारी असे तिघे मृत्युमुखी पडले. आकाश वाचण्याची विद्या अशी किंमत देऊन वाढली आहे. ती कॅमेरा बाळगणाऱ्यांपुरती राहू नये. सेकंद मोजण्याला ना यंत्र लागते, ना पैसा. मुदखेडच्या बांधावर वादळाची वाट पाहत बसलेल्या छायाचित्रकाराने शेजारच्या रानातील माणसांना एवढी मोजणी शिकविली आणि वेळेवर घरी जाण्यास सांगितले, तर त्या दिवशी एकही वीज चौकटीत सापडली नाही तरी खेप वाया गेली असे होणार नाही.