लक्ष्मीबाईंनी घेतलेला वेळ

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर आहे. १८६८ साली तिथे गोखल्यांच्या घरात जन्मलेली मनकर्णिका पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले आणि मागोमाग त्याही, एवढं मराठी वाचकाला ठाऊक असतं. ‘मागोमाग’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. मध्ये पाच वर्षं गेली, आणि मला त्या पाच वर्षांबद्दलच लिहायचं आहे.

टिळकांचा निर्णय

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. तरी ते वाचत राहिले, शंका विचारत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. निर्णय एकट्याचा होता, पण त्याचे चटके लक्ष्मीबाईंनाही बसले. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या.

पाण्याचा पेला

लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक होतं, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घरात यायचं. अशा घरात वाढलेल्या बाईला ‘कोणाच्या हातचं पाणी प्यायचं’ हा प्रश्न देवाइतकाच मोठा वाटला, तर नवल नाही. पुढे अहमदनगरला त्या यजमानांजवळ आल्या, तरी आपलं सोवळं सोडून आल्या नाहीत. टिळकांनीही सक्ती केली नाही. त्या संसारातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

मग एकदा त्या विचार करत बसल्या: जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांमध्ये दिसतो तसा काही फरक माणसांच्या अंगावरही दिसला असता. उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं, आणि यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. श्रद्धा आधी स्वयंपाकघरात उतरली, चर्चमध्ये नंतर.

काय सोडलं, काय ठेवलं

धर्म बदलला म्हणून भाषा, पेहराव, गाणं बदललंच पाहिजे, असं टिळकांना कधी वाटलं नाही. येशूची भक्ती त्यांनी अभंगांत आणि कीर्तनात आणली. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये त्यांची गीतं गायली जातात. लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं, पण घरच्या बोलीतला खट्याळपणा आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ न देणं सोडलं नाही. दुष्काळात अनाथ झालेली मुलंही त्यांच्या घरी वाढली.

आपल्या घरात

नाशिकमध्ये आजही एकाच घरात निरनिराळ्या मतांची माणसं राहतात. रविवारी उपासनेला जायचं की नाही, उपवासकाळ पाळायचा का, लग्न कोणत्या पद्धतीने लावायचं, असे प्रश्न तिथे येतातच. अशा वेळी मी दोन गोष्टी तपासून पाहतो. हे मला पटलं आहे, की कोणाला दुखवायचं नाही म्हणून मी करतो आहे? आणि माझ्या निर्णयाचा भार दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर पडणार आहे का? टिळकांच्या घरात दुसरा प्रश्न उशिरा विचारला गेला.

लिहिणं

१९१९ साली टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, तिने त्याचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. स्वतःचा हट्ट, भीती, सोवळं, नवऱ्यावरचा राग, यातलं काहीही त्यांनी त्यात लपवलं नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, तेव्हा या आठवणींचा शेवटचा भाग छापून यायचा होता.