बांगडी सैल, काटा मात्र तिथंच

हातातली बांगडी सैल झाली की घरातल्या बायकांच्या ते सगळ्यात आधी लक्षात येतं. मनगटाशी थांबणारी बांगडी हात वर केला की कोपराकडे घसरते, ब्लाउजची बाही दंडावर लोंबायला लागते. पण त्या बाईला किडनीचा आजार असेल, तर दवाखान्यातला काटा सांगतो की काहीच बदललेलं नाही. सहा महिन्यांपूर्वी 52 किलो होतं, आजही 52 आहे. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो. दंडावरचं मांस गेलं, पायात पाणी साठलं, आणि काट्याला या दोन्हींतला फरक कळत नाही.

कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतो, अंगणवाडीतल्या पोराच्या दंडाला लावलेली रंगीत पट्टी आठवते. सोलापूरच्या एखाद्या वॉर्डात, डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेला पन्नाशीचा यंत्रमाग कामगार कुपोषित असेल हे पटकन मनात येत नाही. आकडे मात्र हेच सांगतात. 34 देशांतल्या सोळा हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांवरचे अभ्यास एकत्र करून 2018 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या मधल्या निम्म्या अभ्यासांत साधारण 28 ते 54 टक्के रुग्णांमध्ये प्रथिनं आणि ऊर्जा यांची झीज आढळली.

ही झीज नुसती कमी जेवल्याने होत नाही. किडनी गाळायचं काम सोडते तशी रक्तात घाण साठते, तोंडाला लोखंडासारखी चव येते, मटणाचा वाससुद्धा नको होतो. रक्तातलं आम्ल वाढलं की शरीर आपलेच स्नायू मोडायला लागतं. आतून धुमसणारा दाह भूक आणखी मारतो. त्यात डायलिसिसचं यंत्र रक्तातल्या घाणीबरोबर प्रत्येक खेपेला 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लंही बाहेर टाकतं. प्रथिनं ज्यापासून बनतात, तोच हा कच्चा माल.

इथे नातेवाइकांची एक फसगत होते. क्रिएटिनिन हा शब्द किडनीच्या रुग्णाच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असतो. रिपोर्टमधला तो आकडा उतरला की घर सुटकेचा श्वास टाकतं. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. डायलिसिसवरच्या माणसाचं क्रिएटिनिन महिन्या-महिन्याला खाली येत असेल आणि तो थकत चालला असेल, तर किडनी सुधारली असं समजून चालत नाही. स्नायूच कमी उरले असण्याची शक्यता असते. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही एकट्याने भरवशाचं नाही, कारण ते जंतुसंसर्गात आणि दाहातही घसरतं.

मग ओळखायचं कसं? दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या एक-दोन दिवसांतच चार प्रश्न विचारून धोक्यातले रुग्ण वेगळे काढायचे, याला स्क्रीनिंग म्हणतात. हे काम वॉर्डातल्या सिस्टर पाच मिनिटांत करू शकतात. पुढची सविस्तर तपासणी आहारतज्ज्ञांची. अडचण अशी की स्क्रीनिंगच्या नेहमीच्या चाळण्या वजन किती घटलं यावर बेतलेल्या आहेत. 2012 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात अशा दोन प्रचलित चाळण्या किडनीच्या रुग्णांवर लावून पाहिल्या, तेव्हा कुपोषितांपैकी जवळपास निम्मे त्यांतून निसटले. म्हणून तिथे पुढे किडनीच्या रुग्णांसाठी वेगळी चाळणी तयार झाली. ती भूक आणि खाणं विचारते, आणि वजन धरते ते सूज उतरल्यानंतरचं, म्हणजे कोरडं वजन.

मला स्वतःला जास्त भावते ती 1980च्या दशकात कॅनडातल्या टोरांटोत रूढ झालेली कुपोषण ओळखायची पद्धत. तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. सहा महिन्यांत वजन कसं बदललं, जेवण किती कमी झालं, उलटी-जुलाब आहेत का, रोजची कामं जमतात का, एवढं विचारायचं. मग हात लावून पाहायचं. कानशिलं आत गेलीत का, गळ्याखालचं हाड वर आलंय का? अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवायला सांगितल्यावर निरोगी हातात त्यांच्यामधला स्नायू फुगून वर येतो. झीज झालेल्या हातात तिथे खड्डा दिसतो. सरावलेल्या डोळ्याला हे सांगायला मिनिटही लागत नाही.

आता पथ्याबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी खायला सांगतात, किलोमागे साधारण 0.55 ते 0.6 ग्रॅम, मधुमेह असेल तर थोडी सूट. डायलिसिस सुरू झालं की हाच आकडा 1 ते 1.2 वर जातो. म्हणजे 60 किलोच्या माणसाला काल 36 ग्रॅमपर्यंत चालत होतं, आज 60 ते 72 हवेत. पण घरात भिंतीला चिकटवलेला कागद जुनाच असतो. डाळ बंद, अंडं बंद, शेंगा बंद. हिशेब करून पाहा: 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत जेमतेम 5 ग्रॅम प्रथिनं. दोन वेळच्या मिळून तीन भाकऱ्या आणि वाटीभर पातळ वरण धरलं तरी विशी ओलांडताना दमछाक होते. अंड्याचा पांढरा भाग इथे फार मोलाचा, एका अंड्यामागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास चांगलं प्रथिन आणि किडनीच्या रुग्णाला नको असलेलं फॉस्फरस अगदी थोडं. सोलापूरची शेंगाचटणी प्रथिनांनी भरलेली खरी, पण तिच्यात पोटॅशियम, फॉस्फरस आणि मीठही आहे. ती चमचाभर चालेल की नाही, हे त्या महिन्याचा रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञांनीच ठरवायचं.

आता डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोचण्याबद्दल. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि डायलिसिस तिच्यात बसतं. पूर्वी ज्यांनी आशाच सोडली असती, अशी माणसं त्यामुळे आज वर्षानुवर्षं जगतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण मंगळवेढा किंवा अक्कलकोटहून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस चार तास सुईला जोडलेला, परतीला पुन्हा एसटी, असे आठवड्यातले दोन-तीन दिवस अर्धपोटीच काढतो. यंत्र चालू असताना खाल्लं तर काहींचं बीपी उतरतं, म्हणून डबा कधी उघडायचा हेही विचारून घ्यावं लागतं. हे सगळं विचारायला आणि मोजायला डायलिसिसची खुर्ची फार सोयीची जागा आहे. रुग्ण तिथे चार तास बसलेलाच असतो. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शिरेत केलेली जोडणी, नसलेल्या हाताच्या दंडाला शिंप्याची टेप लावायची, आणि कोरड्या वजनाशेजारी तो सेंटीमीटरचा आकडा दर महिन्याला फाइलवर लिहायचा. मागचं पान उलटलं की बांगडी का सैल झाली ते दिसतं.