वारा पडल्यावर

खळ्यावर उपणायला उभे राहावे आणि वारा पडावा, हे चाकूरकरांना नवे नाही. सागरी शर्यतीतही तसेच होते. विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर चढते, म्हणून समुद्राच्या पाठीवर आडवा वारा फारसा उरत नाही. शिधापाणी मात्र रोज घटत असते.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २०१२-१३ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे नौदलाचे अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. फ्रान्सहून निघून तेथेच परतायचे, म्हणजे हा पट्टा दोनदा ओलांडणे आले.

अशा वेळी नाविक काय करतो? हलक्या कापडाचे मोठे शीड चढवतो. सामान एका बाजूला सरकवून नौका किंचित कलती करतो, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरते. सरळ वाट सोडून, नौका जिकडे चालेल तिकडे नेतो. कारण थांबलेल्या नौकेला सुकाणू वळवू शकत नाही. काळा ढग दिसला की त्याखालचा झोत पकडतो; मात्र तो फार जोराचा ठरला तर शीड आवरण्यासही सज्ज राहतो.

२९ एप्रिल २०२३ रोजी टॉमी दुसरे आले. मंडळी, वारा पडला तरी जाणता शेतकरी सूप खाली ठेवीत नाही. नाविकाचेही तसेच आहे.